गाणं कुणासाठी होतं

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो माणूस तू कधी पाहिला नाहीस. मी टोकियोला आले तेव्हा बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. शनिवारी संध्याकाळी एदोगावा वॉर्डात स्टेशनजवळच्या एका छोट्या बारमध्ये तो गिटार घेऊन अमेरिकन खेड्यांतल्या धाटणीची गाणी म्हणायचा. घोडे, शेतं, लाकडी घरं. घोडा त्याने जन्मात जवळून पाहिला नव्हता. एकदा त्याने आमच्या टीमला बोलावलं आणि शेवटी स्वतः रचलेलं एक जपानी गाणं म्हटलं. साधंच होतं. दारात थांबलेल्या एका बाईला कुणी म्हणतंय, की जखम भरेपर्यंत तिथे उभी राहू नकोस, आहेस तशीच आत ये, तुझ्यात काही कमी नाही, मी तांदूळ थोडे जास्तच धुतलेत. म्हणताना त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आनंद झाला नाही, आई. लाज वाटली. मला एकदम आपलं सांगलीचं स्वयंपाकघर दिसलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, बाहेर बायका जमल्या आहेत. नवरा मला माहेरी सोडून गेला तो पुन्हा न्यायला आलेला नाही, त्याला वर्ष होत आलंय. मी वाणाचं ताट घेऊन निघते, तर तू दारातच ते माझ्या हातातून घेतेस. "तू आतच थांब. उगाच विचारतील." तू रागावली नव्हतीस, हळूच म्हणालीस. मी ओट्यापाशी उभी राहून बाहेरचं हसणं ऐकत राहिले, आणि मग तशीच सवय लागली. पुढे मी नोकरी धरली त्या कंपनीने जपानला जाण्याबद्दल विचारलं, मी नको म्हणत होते, तेव्हा तूच भाकरी थापताना म्हणालीस, "जा बाई. इथे राहिलीस तर मी तुला लपवतच राहीन. माझ्याच्यानं दुसरं होत नाही." लाज तुलाही छळत होती हे मला तेव्हा कळलं, पण त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही.

बारबाहेर सायकली लावल्या होत्या, तिथे तो माझी वाट पाहत होता.

"गाणं वाईट होतं का?"

मला एकदाचं सांगून मोकळं व्हायचं होतं, की बाबा रे, मी टाकलेली बाई आहे. 'टाकलेली'ला जपानीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मला येत होता तो शब्द 'सुतेरु', कचरा टाकण्याचा. तोच वापरला. "मला नवऱ्याने टाकलं," म्हणाले. तो गंभीरपणे म्हणाला, "कुठल्या वारी?"

आमच्या वॉर्डात जळणारा कचरा एका वारी न्यायचे, बाटल्या दुसऱ्या वारी. चुकलं की पिशवीला चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवून जायचे. तो आपल्याच बोलण्याने घाबरला आणि कमरेत वाकून माफी मागायला लागला. आणि मी हसले, आई. रस्त्यावर, मोठ्याने, माहेरी परत आल्यापासून पहिल्यांदाच. "चुकीच्या वारी," मी म्हणाले. "म्हणून तर तशीच राहिले." मग तोही हसला.

त्याच्याबद्दल तुला सांगायचं मी दर रविवारी फोन लावताना ठरवायचे आणि तुझ्या गुडघ्यांचं विचारून ठेवून द्यायचे. तेवढ्यात तू गेलीस. नंतर माझ्या घटस्फोटाचे कागद झाले आणि आम्ही वॉर्ड ऑफिसात जाऊन लग्न केलं. मुलगी आता कॉलेजात आहे, माझ्या मराठीला जपानीत उत्तर देते. संसार चांगला चाललाय. मी आजारी पडले की तो पेज करतो, मीठ विसरतो, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहतो.

हे मराठीत लिहिलंय, म्हणजे या घरात कुणाला वाचता येणार नाही. म्हणून तर एवढं लिहिता आलं. एक मात्र राहिलं. तो अजून शनिवारी गातो, आणि आता इथली आपली मराठी मंडळीही ऐकायला येतात. ते गाणं त्याने कुणासाठी रचलं, असं कोणी विचारलं की, उगाच पुढचं विचारतील म्हणून, मी पटकन सांगून टाकते, त्याच्या पहिल्या बायकोसाठी. त्याला मराठी कळत नाही. तो शेजारी उभा राहून मान डोलावतो.