बाराव्या टेबलाची बाटली

चिमे,

मी शिंप्याकडे जातेय, तासाभरात येते. लग्नाच्या टेबलांवर फुलं ठेवायला जॅमच्या अकरा बाटल्यांना जुन्या पडद्याची लेस चिकटवली आहे. ओल्या आहेत, उचलून बघू नकोस.

बारावी कमी पडतेय, म्हणून काल जेवताना मी मुद्दाम मोठ्याने कुरकुर केली. तुझ्या लग्नाला येणार नाही म्हणत दोन महिने तोंड फुगवून बसलेले बाबा तेव्हाही ताट उचलून उठून गेले. सकाळी पाहते तर ओट्यावर त्यांची स्क्रूंची बाटली, रिकामी आणि लख्ख घासलेली! स्क्रू माझ्या बिस्किटांच्या डब्यात ओतलेत. त्यावरून मी लग्नानंतर भांडेन.

बाटलीवर त्यांच्या अक्षरातलं ‘हात लावू नये’ अजून आहे. ते खरवडू नकोस. फुलं घालून ती आपल्याच टेबलावर ठेव, आणि हॉलवाल्याला फोन करून तिथे एक खुर्ची वाढव. त्यांना विचारत बसू नकोस.

आई