माझ्या लव्हेंडरला पाणी न घालण्याबाबत

मी, कॉन्सोर्सिया बेदिओनेस, वय ७८, राहणार रोहास, प्रांत कापिझ, पूर्ण शुद्धीवर असून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसून (दडपण आणणारे केव्हाच थकले) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते.

१. घर मुलगी निम्फा हिला. अट एकच: मागच्या अंगणातल्या लव्हेंडरच्या वाफ्यावर सिमेंट ओतून मोटार उभी करायची नाही. मोटार रस्त्यावर राहू शकते.

२. "हे थंड देशातलं झाड, इथे ते साबणातच मिळायचं," असं अख्ख्या गल्लीने मला ऐकवलं. तीन खेपा झाडं मेलीही. मग माझा नवरा रुबेन याने मुळाशी पाणी साचू नये म्हणून कालवांचे शिंपले उखळात कुटून मातीत मिसळले, बोटं कापून घेतली, वाफा कमरेइतका उंच केला, वर पाऊस लागू नये म्हणून पारदर्शक पत्रा टाकला. झाडं फुलली.

पुढच्या वर्षी रुबेन गेला. प्रार्थनेचे नऊ दिवस घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो "अगं बाई, सुकली बिचारी!" म्हणत मगभर पाणी ओतून जायचा. सर्वांत पुढे माझी नणंद फेलिकुला. "वहिनी, दुःखात तुला भान नाही, मी बघते ना!" नवव्या दिवशी मुळं कुजून सगळी झाडं आडवी. नवरा गेला तेव्हा मला रडू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं. एक फांदी वाचली. आजची अकरा झाडं तिचीच.

३. वाफा भाचा टिमोटियो याला. वय पंचावन्न, आजवर एकही काम वेळेवर केलेलं नाही. मला असाच माणूस हवा. मातीत बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी. तो म्हणाला, "मावशी, आणि मी विसरलो तर?" म्हटलं, "तर तुझं कल्याण होईल, मेल्या."

४. फेलिकुलाला माझी झारी. तळाला मी स्वतः खिळ्याने भोकं पाडली आहेत.

५. माझ्याही वेळी नऊ दिवस लोक येतील. त्यांना कॉफी आणि गोड चिकट भात द्यावा. वाफ्यापाशी कोणी पाणी घेऊन दिसला तर फाटकाबाहेर काढावा, मग तो पाद्री का असेना. रुबेनला मी वाचवू शकले नाही, त्याच्या हातचं हे मी वाचवलं आहे. दहाव्या दिवशी झाडं उभी असली तर मी सुखाने गेले असं समजावं. नसली तर मी परत येईन, आणि या खेपेला नुसती रडत बसणार नाही.

रोहास, १४ मार्च २०१९
सही: कॉन्सोर्सिया बेदिओनेस

साक्षीदार (तिघांनाही यातून काही मिळत नाही):
युसेबियो आर्सेनास, कालवं विक्रेता
देल्फिना व्हिलारुझ, निवृत्त शिक्षिका
क्रिस्पुलो बोलान्ते, शेजारी