फुटलं

३ तारीख
पोचलो. धाकट्या बहिणीचं घर बरं आहे. हवा खेळती, नळाला पाणी. पाय लुळे पडल्यापासून ती मागच्या खोलीत खाटेवरच असते. मला बघून हसली, म्हणाली, आता दादा घर डोक्यावर घेणार. घेणारच, तिला बघायला दुसरं आहे कोण?
खिडकीच्या आड एक झाड. मेहुण्याने शोभेचं परदेशी म्हणून रोप आणलं होतं. मेहुणा गेला, झाड राहिलं. आता गल्लीभर तेच, गटारात, भिंतीत. पान चुरगळलं की खवट शेंगदाण्याचा वास. खोलीत उजेड नाही. उद्या तोडतो.

४ तारीख
शेजारचा सुतार म्हणाला, काका, तोडू नका. साल सोलून उभंच वाळू द्या, तोडलं की मुळातून दहापट फुटतं. झाडाचं एवढं काय कौतुक? आडवं केलं. धाकटीला उजेडात बसवलं, पाय फरशीवर टेकवून. खूश.

९ तारीख
अंगणभर फुटवे. कापले.

१२ तारीख
परत आले, गुडघ्याएवढे. एक मोरीतून. कापले. धाकटी म्हणाली, खाटेजवळची फरशी फुटली. म्हटलं, जुनी फरशी, फुटणारच. वाकून बघायला माझी कंबर चालत नाही.

१४ तारीख
आता म्हणते टाच फुटलीय. पाऊल उचलत नाही त्या बाईची टाच फुटते कशी? राठ कातडं वर आलं होतं, काडीसारखं. कात्रीने कापलं. चिवट. मलम लावून पांघरूण घातलं.
हाताला शेंगदाण्याचा वास. धुतला तरी जात नाही.

१५ तारीख
पांघरूण काढलं. टाच तडकली नव्हती. फुटली होती.
कापलं तिथून झुबकाच. पानं आहेत. खाली फरशीत गेलंय —
सुताराला बोलावलं. तो दारातच थांबला. म्हणाला, "काका, कापलं नाही ना तुम्ही?"
मी कात्री पाठीमागे लपवली.

१६
कोयता घेतला. ती म्हणाली, "दादा, कापू नकोस. दुखत नाही आता. पायात जीव आलाय."
कोयता ठेवला.

१७
दार उघडत नाही. बाहेरून मुळं —
सुताराला हाका मारल्या. कोणी नाही.
खाट मोडली. ती पडली नाही.
उभी आहे. माझी धाकटी उभी आहे, डोकं छताला —
हसतेय. म्हणते, उजेड बरा केलास दादा. आता तूही चप्पल काढ, पाय टेक, मी तुला