दुखणं दाताचं नाही

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आमच्या चिमणीचं लग्न जवळजवळ ठरलं. मुलाकडची मंडळी महिनाअखेरच्या रविवारी जेवायला येताहेत, त्यामुळे तुझ्या वहिनीने पडदे दोनदा धुतले.

तुला दवाखान्यात जाताना त्यांच्यापैकी कोणीतरी पाहिलं. मुलाच्या आईने चौकशी केली, तेव्हा दातांचं काम चालू आहे असं सांगून मी मोकळा झालो. तूही तेच सांग. मनाची डॉक्टर म्हटलं की लोक वेडाचा शिक्का मारतात आणि सोयरीक मोडते. जमलं तर आता ते जाणंच बंद कर. लहानपणी किती हसरी होतीस! जरा मन घट्ट केलंस की झालं.

माया कमी नाही, हे जाणतेसच.

तुझा,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी आरशात दात पाहिले. सगळे शाबूत आहेत.

मन घट्ट करून पाहिलं, दादा. वर्षभर तेच करत होते. सकाळी केस विंचरायला हात उचलत नव्हता, तरी कपड्यांच्या कारखान्यात वेळेवर हजर. मग एक दिवस बाह्यांचं कापड पसरताना थर एक सुलटा, एक उलटा असे समोरासमोर लावायचे विसरले. सगळे सुलटे लावले आणि कापायची मशीन फिरवली. अख्ख्या ऑर्डरीच्या बाह्या डाव्या हाताच्या! इतकी वर्षं कटिंग करतेय, आणि शिकाऊ पोरी हसतील अशी चूक. मला हसू आलं नाही की रडू. त्या ढिगाकडे बघत एवढंच वाटलं, की आपण नसलो तर बरं. हे तुला पहिल्यांदाच सांगतेय.

कारखान्यातल्या इस्त्रीवालीने माझा चेहरा पाहिला आणि त्याच दुपारी हात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई ऐकून घेतात, गोळी देतात, मागचं बोलणं लक्षात ठेवतात. आता झोप लागते. परवा कटिंगमास्तरांशी कडाकडा भांडले, यावरून ओळख किती सुधारले ते. कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलंय. मागे कोणी बोलत असेल तर खुशाल बोलो.

तर ऐक. दवाखाना बंद होणार नाही. रविवारी मी आले तर विचारणाऱ्याला खरं तेच सांगेन. ते चालणार नसेल तर माझं पान वाढू नकोस. जीव वाचलाय माझा, आणि तो मी लपवून ठेवणार नाही.

वहिनीस नमस्कार, चिमणीस पापा. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचायला घेतलं. ‘आपण नसलो तर’पाशी मला पुढे वाचवेना. पुढचं चिमणीने वाचलं. मला फार भीती वाटली गं.

चिमणी म्हणाली, ज्या घरात जायला आत्याला लपवावं लागतं, तिथे तिला नांदायचंच नाही. तुझी वहिनी तिला गप्प करेल असं वाटलं होतं, तर तिने माझ्या हातात फोन दिला. मुलाच्या वडिलांना मी सरळ सांगितलं, की दातांचं खोटं होतं. बहीण आजारी होती, उपचार घेतेय, आणि रविवारी माझ्या शेजारी बसून जेवणार आहे. ते घरात विचारून कळवतो म्हणाले.

अजून कळवलेलं नाही. आले तर उत्तम, नाहीतर सगळा स्वयंपाक आपण चौघं संपवू. तू मात्र यायचंसच. आणायला मी स्वतः येतोय.

लोभ असू दे, अशी या खेपेला थोरल्याची विनंती.

तुझा,
दादा