पाठ फिरवलेलं सांबर

ता. ४ ऑगस्ट १९३८, टिळकवाडी
अंक वेळेवर गेला. अग्रलेख अर्धा कॉलम कमी पडत होता, मुलींच्या शिक्षणावर चार ओळी वाढवून भरला. आमच्या सुमतीच्या शाळेतून निरोप आला: मॅट्रिकच्या वर्गात बसून मुलगी भूमितीच्या वहीत साबणाची, चहाची वेष्टनं चिकटवते, खाली त्यांतल्या अक्षरांच्या नकला काढते. रागवायला गेलो, तर ती माझंच कालचं पान घेऊन बसलेली. "अण्णा, ह्यात सगळे मथळे एकदम ओरडायलेत. कुणाचं ऐकायचं?"

ता. ११
सु. म्हणाली तसं पहिलं पान लावलं. एक मोठा मथळा, बाकीचे बारीक, मधे कोरी जागा. खिळे जुळवणारा शंकर कुरकुरला, "मालक, हितला मजकूर उंदरानं खाल्ला म्हणून सांगू काय?" छापून आल्यावर मात्र तोही बघत राहिला.
जेवताना सु.ने सांगितलं, मॅट्रिकनंतर मुंबईच्या चित्रशाळेत जायचंय. देवादिकांची चित्रं नव्हेत. लेबलं, पाट्या, पुस्तकांची वेष्टनं. "लोक रोज बघतात ती." सौ.चं तोंड उतरलं. मी म्हणालो, आप्पांना विचारू.

ता. २०
आप्पा निपाणीहून आले. थोरले बंधू, छापखानाही त्यांनीच घालून दिलेला. घरात शेवटचा शब्द त्यांचा. सांगलीचं स्थळ आणलंय. नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण झालं, मग मुंबईचा विषय काढला.
"पोरगी दुकानाच्या पाट्या रंगवणार? आन् सांगलीकरांना काय सांगू रं बाबू?"
सु.ने त्यांच्याच कारखान्याचा, सांबर छाप विड्यांचा कट्टा पुढे ठेवला. "आप्पा, ह्ये सांबर, का काटक्या बांधलेलं गाढव?"
आप्पा लई हसले, आणि हसता हसता अडकले. नवं लेबल कर म्हणाले. माल चालला तर मुंबईचं बघू, न्हाय तर सांगली. सु. लगेच कबूल. मला जरा धास्तीच...

ता. ९ सप्टेंबर
शाळा सुटली की सु. शिळाप्रेसवर. दगडावर सगळं उलटं काढायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. उलटी अक्षरं आता सरळ लिहावीत तशी काढते. बोटं काळी. सौ. लिंबू चोळते, "सांगलीची माणसं हात बघतील गं."

ता. १९
लेबल छापून आलं. देखणं आहे. मान, शिंगं, डोळा, सगळं जिवंत. मी वाचलं, प्रेसवाल्यानं वाचलं, आप्पांनी वाचलं. काना-मात्रेची चूक नाही.

ता. ६ ऑक्टोबर
वाईट दिवस. गुंजीकडचा माल परत. रानात तोडीला जाणारी माणसं कट्टा हातात घेतात आणि ठेवून देतात. दुकानदाराला म्हणाले, "ह्यो आमचा सांबर न्हवं. आमचा उजवीकडं बघतोय, ह्यो पाठ फिरवून चाललाय. नकली हाय."
जुनं लेबल शेजारी ठेवलं. खरंच. सु.ने अक्षरं दगडावर उलटी काढली. जनावर मात्र कागदावर होतं तसंच काढलं. आणि आम्ही सगळे अक्षरं वाचत बसलो.
आप्पा आवाज न चढवता म्हणाले, "ठरल्यापरमाणं सांगली." सु. रडली नाही. जेवलीही नाही.

ता. ९
"अण्णा, मला गुंजीला न्या. ती माणसं बघतात कशी, तेवढं बघायचंय." सौ. नको म्हणत होती. नेतो म्हणालो.

ता. १०, गुंजी
स्टेशनाजवळच्या दुकानात दिवसभर. सु. पोत्यावर बसून. कुणीही कट्टा डोळ्यांसमोर धरत नाही. लांबूनच लाल पट्टा, मग सांबराचं तोंड, मग नाकाला लावून वास. झालं.
एका म्हातारीनं हटकलं, "कुणाची गं तू? बिडी वढतीस काय?"
"न्हाय आजी, सांबर राखती."
"मग त्याला सांग की, हिकडं बघ म्हणून!"
दुकानभर हशा. सु.ही हसली, पहिल्यांदाच एवढ्या दिवसांत.
गाडीत म्हणाली, "मी मला आवडावं म्हणून काढलं होतं, अण्णा. त्यांच्यासाठी काढलंच नव्हतं." थोड्या वेळानं, "आता तर शिकायलाच पाहिजे."

ता. १७
नवं लेबल. तोंड जुन्या बाजूला, लाल पट्टा जुना. फक्त शिंगं सांबराची. आप्पांनी दगडाला आरसा धरून स्वतः तपासलं. "छापा." सु.ने विचारलं, "आन् मुंबई?" "तुझी पैज मागच्या खेपेलाच संपली, बाळ." आवाजात कठोरपणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

ता. ३०
माल चालला. गुंजीहून काही परत नाही. आप्पा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सांगलीकर पुढच्या आठवड्यात.

ता. ६ नोव्हेंबर
सांगलीकर येऊन गेले. चांगली माणसं, तेच अवघड. मुलाचे वडील म्हणाले, मॅट्रिक होऊ दे. ड्रॉइंग काय, घरी बसून काढू दे की. सु. चहा देऊन आत गेली.
आप्पांनी सुपारी हातात घेतली. "बाबू, व्हय म्हणू?" अशा वेळी मी मान हलवतो. आजवर हलवत आलो. आज म्हणालो, "विचारून सांगतो."
"कुणाला?"
"सुमतीला."
आप्पांनी सुपारी तबकात ठेवली, टोपी घातली. निरोपाची वाट बघतो म्हणत पाहुणे उठले. पाठोपाठ आप्पाही निघाले, निपाणीला. दिवस मावळायला वेळ होता, पान वाढलेलं होतं, जेवले नाहीत.
आत गेलो. सु. म्हणाली, "विचारणार होता न्हवं? मग विचारा." विचारलं. तिनं सरळ सांगितलं, सांगली नको, मुंबई.
उद्या अंक शंकरवर सोडून निपाणी गाठायची. काय बोलायचं ते मघापासून जुळवतोय. पहिलंच वाक्य होत नाही.