वर न कळवलेलं दुखणं

३ मार्च, मंगळवार
कामावर रुजू झाले. ताई वारली त्याला महिना होत आला, आणि ती ज्या वॉर्डात नर्स होती तिथेच मला घातलंय. सकाळी आघाडीवरून जखमी आले. एकाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, सिस्टर, आता एकच बूट द्या, सरकारचा खर्च वाचला! मी हसले. हसावंच लागतं. मग ड्रेसिंगच्या खोलीत मान आणि जबडा आवळून आला.

४ मार्च
डोकं ठणकतंय. दुसरं काही नाही.

७ मार्च
आईचा फोन. रडली नाही. नीट जेव म्हणाली, आणि मग, "आता तू एकटीच आहेस मला."
मी ठणठणीत आहे म्हटलं. झोप नाही, पित्त उसळतं — पण ते इथे कुणाला नाही?

११ मार्च
पाय गेलेल्या त्या जवानाला घरी फोन लावून दिला. बायकोचा आवाज ऐकला आणि त्यानं फोन माझ्याच हातात दिला. मीच सांगितलं तिला. आवाज जराही हलू दिला नाही. नंतर सलाईन लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ताईची ड्युटीवरची जोडीदारीण — वॉर्डात सगळे तिला फौजदार म्हणतात — खांद्याला धरून मला स्टोअरमध्ये घेऊन गेली.
आमच्यात हीच रीत. दुखणं आपसात तपासायचं, वर कळू द्यायचं नाही. कळलं की वॉर्ड सुटतो, कचेरीत बसवतात.
बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळून ती म्हणाली, थोडंसं जास्त आहे, गोळी देते. मशीनही म्हातारं झालंय तुझ्यासारखं. मी वळून बघितलं. एकशे ऐंशीच्या वर.
ताईचं बीपीही हीच बघायची. विचारलं, शेवटचं कधी बघितलंस?
"आदल्या दिवशी."
"किती होतं?"
ती पट्टा सोडवत राहिली. "असंच, तुझ्याएवढं. कुणाला सांगू नको म्हणाली गं."
आम्हाला तर सगळ्यांनी अचानक गेली म्हणून सांगितलं. आई अजून तेच धरून बसली आहे.

१२ मार्च
गोळी घेऊन कामावर गेले. फौजदार नजर चुकवते. तिच्यावर रागावता येत नाही. मीही तेच केलं असतं.

१३ मार्च
डॉक्टरांपुढे जाऊन दंड पुढे केला. ताईचंही सांगितलं. तिला कोण तपासायचं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, आम्ही सगळ्याच एकमेकींना तपासतो.
वॉर्ड गेला. निघताना कुणी बोललं नाही.
खोलीवर आले. केस धुतले. वाळेपर्यंत खिडकीशी बसून राहिले.