साखरमुक्त महिना आणि हरवलेलं बाळ

१ जानेवारी
आजपासून साखर बंद. डॉक्टर ओरडले म्हणून नाही, माझं मीच ठरवलं. शाळेत मुलं निरोगी राहणीवर फिल्म करणार आहेत आणि तिचा नायक मी: महिनाभर साखर न खाल्लेला शिक्षक. २ फेब्रुवारीला शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर बाई फिल्म बघायला येणार. पसंत पडली तर आमच्या अत्लिक्स्को शहरातल्या सगळ्या शाळांच्या आरोग्य मोहिमेचा प्रमुख मीच. एल्विराला सांगितलं. ती म्हणाली, मागच्या वर्षीही ऐकलं होतं मी हे. बायकोचा आधार असा.

८ जानेवारी
शाळा उघडली. दरवर्षीप्रमाणे स्टाफरूममध्ये तीन राजांच्या सणाची रोस्का कापली. गोल गोड पाव, वर साखरेचे पट्टे. नववीतली नायेली फिल्मची डिरेक्टर. तिला म्हटलं, कॅमेरा कोपऱ्यात लाव आणि बंद करू नकोस, साखर माणसाचं काय करते ते दिसू दे.
मी फक्त चाखली. सगळे खात असताना एकट्याने न खाणं संशयास्पद दिसतं. एका घासाला काहीतरी टणक लागलं. सुकं अंजीर असावं. गरम चॉकलेटबरोबर उतरलं.
विशेष म्हणजे, प्रथेप्रमाणे पावात लपवून भाजलेलं बोटाएवढं प्लास्टिकचं बाळ कोणालाच सापडलं नाही.

९ जानेवारी
बाळ बेपत्ता. म्हणजे कोणीतरी लपवलंय. ज्याच्या तुकड्यात ते निघतं त्याला २ फेब्रुवारीला अख्ख्या स्टाफला तामाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले मक्याचे उंडे, खाऊ घालावे लागतात. ते चुकवायचा डाव. माझा संशय फाउस्तीनोवर. केमिस्ट्री शिकवतो. खाताना गप्प होता. हटकलं तर म्हणाला, अरे बाबा, मी काय ॲसिडात विरघळवलं का ते? उत्तर तयारच होतं.

१५ जानेवारी
नायेली कॅमेरा घेऊन माझ्या मागे फिरते. गेटवर, सरबताच्या गाडीवर (जास्वंदीचं होतं, औषधी). आज दोनदा विचारलं, सर, पोट बरं आहे ना तुमचं? मुलीला काळजी आहे. की फाउस्तीनोने पाठवलीय?

२१ जानेवारी
एल्विराला कोटाच्या खिशात गोड पावाचा चुरा सापडला. कबुतरांसाठी, म्हटलं. ती म्हणाली, कबुतरांचं वजन वाढलंय हं.
घरातही पाळत.

२६ जानेवारी
कॅमेरा! आधी कसं सुचलं नाही? नायेलीला हुकूम दिला: ८ तारखेचं चित्रण तपास, बाळ लपवणारा शोध आणि फिल्मच्या शेवटी जोड. लबाडी हाही आजारच. ती म्हणाली, सर, नक्की जोडू? म्हटलं, चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. म्हणाली, आधी तुम्ही एकदा बघून घ्या ना, सर. प्लीज. नकार दिला. बघितलं असतं तर फाउस्तीनो म्हणाला असता, मी कापाकापी केली.

१ फेब्रुवारी
उद्याच्या भाषणाची तयारी. फाउस्तीनोला माफ करतानाचा आवाज आरशासमोर बसवला.

२ फेब्रुवारी
हॉल भरलेला. पालकही होते. पहिली दहा मिनिटं उत्तम. मी भाज्यांवर बोलतो, मी दोरीवरच्या उड्या मारतो.
मग स्टाफरूम. पडद्यावर मी, तिसरा तुकडा. घास तोंडाकडे नेताना त्यातून दोन गुलाबी पाय बाहेर आलेले. मी चावतो, थांबतो, डोळे मोठे, छातीवर हात, चॉकलेटचा कप रिकामा. नायेलीने हे हळू गतीने दाखवलं. दोनदा.
नंतर सरबत. नंतर बेकरीच्या दारात मी, कोटाचा खिसा भरताना.
मागून फाउस्तीनो म्हणाला, माझे तामाले हिरव्या मिरचीचे सांग रे.
इन्स्पेक्टर बाईंनी डोळे पुसले. नायेलीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, साखर सुटत का नाही ते इतकं खरं कोणी दाखवलं नव्हतं, पोरी. मोहिमेची प्रमुख म्हणून त्यांनी ओफेलिया मॅडमचं, आमच्या मुख्याध्यापिकेचं, नाव लिहून घेतलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही एकदा एक्स-रे काढून घ्या.
तामाले सांगितले. गोडही थोडे, पाहुण्यांसाठी. ते नीट झालेत का हे कोणालातरी बघायला लागेल.
ही फिल्म आता अत्लिक्स्कोतल्या सगळ्या शाळांत दाखवणार आहेत. मला हेच हवं होतं.